कोनी डॉगचा सॉस आणि ‘बिनसोडियमचं’ मीठ

माझ्या दवाखान्यात रोज दोन-तीन जण तरी विचारतात, "डॉक्टर, तिखट बंद करू ना?" ब्लडप्रेशर निघालं, तिखट बंद. हार्ट अटॅक येऊन गेला, तिखट बंद. पाय सुजले तरी तिखटच बंद. मिठाबद्दल मात्र मी विषय काढेपर्यंत कुणी बोलत नाही. लोणचं, पापड, फरसाण, जेवताना ताटात डाव्या बाजूला वाढलेलं मीठ, हे सगळं चालू असतं. आपल्याकडे पथ्य म्हटलं की पहिला बळी मिरचीचा जातो.

आजचा लेख मिरचीचा आहे, पण त्याहून जास्त मिठाचा आहे. घडला तो माझ्या दवाखान्यापासून फार लांब, अमेरिकेत डेट्रॉइटजवळ, माझ्या थोरल्या भावाच्या स्वयंपाकघरात. आणि त्यात चूक माझीही होती, म्हणून तो लिहायला मला थोडा वेळ लागला.

दादा १९७४ साली इंजिनिअर म्हणून मिशिगनला गेला. मोटारींच्या कारखान्यात नोकरी, भाड्याची खोली, गुडघाभर बर्फ आणि स्वयंपाकाचा गंध नाही. शिफ्ट सुटल्यावर खिशाला परवडेल असं गरम खाणं तिथे एकच, कोनी डॉग. हॉट डॉग म्हणजे लांबट मऊ पावात घातलेलं सॉसेज, म्हणजे मसाला आणि मीठ घालून बारीक वाटलेल्या मांसाची नळी. त्याच्यावर खिम्याचा तिखटसर पातळ सॉस ओतायचा, पिवळ्या मोहरीची रेघ मारायची आणि मूठभर कच्चा कांदा टाकायचा, की झाला कोनी डॉग. नाव न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचं, पण पदार्थ मिशिगनचा आणि करणारे ग्रीसहून आलेले लोक. डेट्रॉइटच्या मध्यवस्तीत केरोस भावांनी सुरू केलेली दोन दुकानं अगदी भिंतीला भिंत लावून आहेत, अमेरिकन कोनी आयलंड आणि लाफायेट कोनी आयलंड. त्यातलं पहिलं १९१७ पासूनचं. तुम्ही या दुकानाचे की त्या दुकानाचे, यावरून तिथे घराघरात वाद होतात. तासाभराच्या अंतरावरच्या फ्लिंट गावात हाच सॉस कोरडा करतात आणि आमचाच खरा म्हणतात. थोडक्यात, आपल्याकडे मिसळीवरून जे चालतं तेच.

सॉस म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे बाटली येते. हा तसा नाही. त्याला तिकडे नुसतं ‘चिली’ म्हणतात. तो आपल्या खिम्याचा लांबचा भाऊ आहे. डेट्रॉइटच्या पद्धतीत त्यात राजमा नसतो, आणि मांस इतकं बारीक असतं की दाताखाली दाणा येत नाही.

तर दोन वर्षांपूर्वी दादाला हार्ट अटॅक आला. जीव वाचला, पण हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा दुबळा झाला. इकोमध्ये पम्पिंग ३५ टक्के. निरोगी हृदयात ते साधारण ५५ च्या वर असतं. अशा पेशंटला मीठ का तोडायचं, ते एकदा नीट सांगते, कारण "मीठ खाल्लं की बीपी वाढतं" एवढ्यावर आपण थांबतो. मिठातलं सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं. रक्तातलं पाणी वाढलं की तेवढं जास्त रक्त हृदयाला ढकलावं लागतं. पंप चांगला असेल तर निभावतं. पंप दुबळा असेल तर ते पाणी मागे तुंबतं, आधी पायांत आणि मग फुफ्फुसांत. रात्री उशाला तीन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपणारा पेशंट तुम्ही पाहिला असेल. त्याच्या फुफ्फुसात हे पाणी असतं.

दादाला दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियमची मर्यादा घालून दिली होती. चहाचा एक सपाट चमचाभर मीठ म्हणजे सुमारे २३०० मिलिग्रॅम सोडियम. म्हणजे दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून एक चमचासुद्धा नाही. वहिनींनी त्या दिवसापासून कोनी डॉग बंद केला. त्यांचं बरोबरच होतं. सॉसेजमध्ये साधारण ४५० ते ५०० मिलिग्रॅम, पावात २०० च्या आसपास, मोहरीत पन्नासेक, आणि डब्यातला तयार चिली सॉस पाव कप घातला तर आणखी तीनशे-चारशे. एका कोनीत दिवसाचं अर्धं सोडियम संपतं, आणि दादा कधी एकावर थांबलेला नव्हता.

गेल्या जूनमध्ये मी सहा आठवड्यांसाठी त्याच्याकडे गेले. ४ जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, पुतण्याने अंगणात जेवण ठरवलं होतं. त्याची यादी चालली असताना दादा शांतपणे म्हणाला, "सगळे कोनी खाणार आणि मी काकडी चावत बसणार. दोन वर्षं झाली. मला कशासाठी जगवताय, ते तरी सांगा." वहिनी उठून आत गेल्या. पुतण्या माझ्याकडे बघायला लागला, आत्या डॉक्टर आहे ना.

मी म्हटलं, "सॉस मी घरी करते. मीठ माझ्या हातात राहील."

आता गंमत ऐका. तीस वर्षं डॉक्टरकी केली आणि त्याहून जास्त वर्षं खिमा केला, पण पहिल्याच दिवशी मी तोंडावर आपटले. पुतणसुनेने तिच्या पाककृतीचा कागद दिला होता. त्यात अर्धा किलो खिम्याला तीन मोठे चमचे ‘चिली पावडर’ लिहिली होती. मी आपली सातारहून नेलेलं घरचं लाल तिखट काढलं आणि तीन मोठे चमचे घातलं. तो सॉस कुणी खाऊ शकलं नाही. पुतण्या दोन ग्लास पाणी पिऊन म्हणाला, "आत्या, हे शस्त्र आहे."

अमेरिकेत चिली पावडर म्हणजे नुसती मिरची नव्हे. तो तयार मसाला असतो. सौम्य मिरची, जिरं, ओरेगानो, लसूण पावडर, आणि बऱ्याच ब्रँडमध्ये मीठ. टेक्ससमध्ये गेबहार्ट नावाच्या जर्मन गृहस्थाने १८९० च्या दशकात ती विकायला सुरुवात केली. तेव्हा तिकडे राहणाऱ्या आपल्या वाचकांना दोन सूचना. अमेरिकन पाककृतीतलं माप आपल्या तिखटाला लावू नका. आणि चिली पावडरच्या डब्यावरची घटकांची यादी वाचा. मीठ असेल तर तो डबा हृदयाच्या पेशंटसाठी नाही. मिरची वेगळी, जिरं वेगळं घ्या.

मिरचीवर लागलेला आळ आधी दूर करते. मिरचीतला झणका कॅप्सायसिन या रेणूचा. तो जिभेवरच्या ज्या ग्राहकाला जाऊन चिकटतो तो खरं तर उष्णता ओळखणारा ग्राहक आहे, ४३ अंशांच्या वरचं काही लागलं की जागा होणारा. म्हणजे तिखट ही चव नाहीच, भाजल्याचा खोटा निरोप आहे. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. आणि मिरचीचा तिखटपणा मोजायची पहिली पद्धत कुठे निघाली म्हणाल? डेट्रॉइटमध्येच. १९१२ साली, पार्क-डेव्हिस या औषध कंपनीत काम करणाऱ्या विल्बर स्कोव्हिल यांनी मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना झणका लागेनासा होईपर्यंत किती पातळ करावा लागला ते मोजायचं, अशी रीत बसवली. औषधी मलमात मिरची वापरत, म्हणून त्यांना ते मोजमाप हवं होतं. हे मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं तेव्हा पन्नास वर्षं त्या शहरात काढलेल्या दादालाही ते नवीन होतं.

हृदयाच्या दृष्टीने सांगायचं तर मिरची शरीरात पाणी धरून ठेवत नाही. पोटातला अल्सरही तिच्यामुळे होत नाही. तो बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतो. ज्यांना छातीत जळजळ होते किंवा मूळव्याधीचा त्रास आहे त्यांनी तिखट जपून खावं, ते खरंच त्रास देतं. पण बीपीच्या आणि हार्टच्या पेशंटला बिनमिठाचं जेवण घशाखाली उतरवायला जे थोडे मदतनीस आहेत त्यात मिरची आहे, आंबट आहे, भाजलेलं जिरं आहे, लसूण आहे. त्यांनाच आपण आधी हाकलून देतो आणि मग पेशंट गुपचूप मिठाकडे वळतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सॉस केला. या वेळी रीतसर. आपण खिमा कांद्यावर परततो. इथे परतायचा नाही. कच्चा खिमा थेट गार पाण्यात घालायचा आणि हाताने किंवा रवीने मोडत राहायचा, अगदी पातळ लगदा होईपर्यंत, आणि मगच गॅस लावायचा. गरम तव्यावर पडला की मांसातली प्रथिनं लगेच आवळतात आणि गोळे होतात. गार पाण्यात ते कण आधी सुटे होतात आणि मग हळूहळू शिजतात. दुकानातल्या सॉसचा तो मऊपणा याच्यातच आहे. मूळ सॉस गोमांसाचा. वहिनी ते खात नाहीत, आणि दादाला त्यातली चरबीही नको होती, म्हणून आम्ही टर्कीचा खिमा घेतला. चिकनचाही चालेल.

तासाभराने सॉस दाट झाला. रंग सुंदर आला होता. मी चमचाभर दादाला दिला. त्याने चाखला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वास तोच आहे गं. चव मागे राहिलीय. थांब, माझ्याकडे इलाज आहे."

तो उठला, त्याच्या औषधांच्या कपाटातून एक पांढरा डबा घेऊन आला आणि मी काही म्हणायच्या आत पातेल्यात तीन-चार वेळा झटकला. "घाबरू नकोस, डॉक्टरीणबाई. सोडियम शून्य आहे. तूच सांगितलं होतंस."

मी चाखलं. खारट होतं, पण मागून कडवट, धातूसारखी चव जिभेवर राहिली. ती चव एकदा ओळखीची झाली की विसरत नाही. मी डबा उलटा करून वाचला. घटक एकच होता, पोटॅशियम क्लोराइड.

"किती दिवस घेतोयस हे?"

"सहा आठवडे झाले असतील. ताकात, टोमॅटोवर, सगळ्यात. त्याच्यामुळे तर जेवण जातंय."

माझ्या पोटात गोळा आला. दादाच्या गोळ्या मला पाठ होत्या. लिसिनोप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन त्यात होत्या. आणि हेही आठवलं की मे महिन्यात फोनवर मीच त्याला म्हणाले होते, "मीठ सोडवत नसेल तर सोडियम नसलेलं काहीतरी मिळतं का बघ तिकडे." त्या वेळी बाहेर पेशंट बसले होते. त्याने काय आणलं, हे मी नंतर विचारलं नाही.

हे इतकं गंभीर का, ते समजून घ्या. पोटॅशियम वाईट नाही. केळी, शहाळं, डाळी, भाज्या, टोमॅटो, सगळ्यांत ते असतं, आणि निरोगी माणसाला ते भरपूर मिळायला हवं. पण रक्तातली त्याची पातळी फार अरुंद पट्ट्यात राहावी लागते, साधारण ३.५ ते ५. हृदयाच्या ठोक्याची वीज या पातळीवर चालते. पातळी फार वाढली तर ठोका बिघडतो आणि काही वेळा हृदय थांबतं. जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकायचं काम मुख्यतः मूत्रपिंडं करतात, आणि त्यांना तो हुकूम अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक देतं. लिसिनोप्रिल, रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्या, तसंच लोसार्टन, टेल्मिसार्टन या जातीच्या, हे संप्रेरक कमी करतात. स्पायरोनोलॅक्टोन त्याचा हुकूम अडवतं. दुबळ्या हृदयासाठी या गोळ्या फार मोलाच्या आहेत, त्यांनी आयुष्य वाढतं. पण त्या घेणाऱ्याच्या शरीरातून पोटॅशियम बाहेर जायचा दरवाजा निम्मा लोटलेला असतो, आणि आत दादा चमच्याने पोटॅशियम ओतत होता.

वहिनींनी आणि मी हिशोब केला. डबा पाऊण रिकामा होता. दिवसाला साधारण चमचाभर पडत असणार. अशा मिठाच्या पाव चमच्यातच सहाशे-सातशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. म्हणजे रोजच्या जेवणातलं वेगळं आणि वर हे अडीच हजार.

"मला काही होत नाहीये," दादा म्हणाला. वाढलेल्या पोटॅशियमचा हाच तर कावा आहे. बऱ्याच जणांना काहीच होत नाही. कुणाला अशक्तपणा वाटतो, कुणाला पायात गळाल्यासारखं होतं, आणि कुणाला थेट शेवटचंच लक्षण होतं.

त्याच्या डॉक्टरांच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या नर्सने गोळ्यांची नावं ऐकली आणि आजच्या आज या म्हणाली. ईसीजी ठीक निघाला. पोटॅशियम ५.९ आलं. सुईने रक्त काढताना पेशी फुटल्या तर हा आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो, म्हणून लगेच दुसरा नमुना घेतला. तोही ५.९. पोटॅशियम आतड्यातच बांधून ठेवणारी पावडर दिली, स्पायरोनोलॅक्टोन काही दिवस थांबवलं आणि तो डबा बंद. चार दिवसांनी ५.२, दहाव्या दिवशी ४.७. मग कमी मात्रेत गोळी पुन्हा सुरू झाली. परत येताना गाडीत दादा बोलला नाही. मीही नाही.

इथे एक गैरसमज होऊ नये. पोटॅशियम मिसळलेलं मीठ हे विष नाही. चीनमध्ये सहाशे खेड्यांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्के कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये, घरात मीठ वापरायचंच असेल तर प्रौढांनी अशा मिठाचा विचार करावा असं सुचवलं. पण त्याच शिफारशीत मूत्रपिंडाचे आजार असलेल्यांना, आणि ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही त्यांना, वगळलं आहे. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या ‘लो सोडियम’ मिठातही बहुधा पोटॅशियम क्लोराइडच मिसळलेलं असतं. पुडीवर ‘हृदयासाठी’ असं चित्र असलं तरी मागची बारीक अक्षरं वाचा. तुम्हाला किडनीचा आजार असेल, दीर्घकाळचा मधुमेह असेल किंवा वर लिहिलेल्या गोळ्यांपैकी एखादी चालू असेल, तर ते आणण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि हे वाचून गोळी मात्र परस्पर बंद करू नका, त्याने जास्त नुकसान होईल. सैंधव किंवा गुलाबी मीठ घेतलं म्हणजे सुटलो, असंही नाही. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं.

डबा झटकलेला तो सॉस मी ओतून दिला. वहिनी हळहळल्या, एवढी टर्की फुकट गेली म्हणून. ३ जुलैला तिसऱ्यांदा केला. या वेळी दादा शेजारी स्टुलावर बसला आणि वजन-माप त्याच्याकडून करून घेतलं. ज्यांना करायचा आहे त्यांच्यासाठी लिहिते.

टर्कीचा किंवा चिकनचा खिमा ४५० ग्रॅम, मीठ न लावलेला. दोन कप गार पाणी. एक मोठा कांदा अगदी बारीक चिरून, चार पाकळ्या लसूण ठेचून. ब्याडगी किंवा काश्मिरी तिखट दीड मोठा चमचा. रंग येतो आणि झणका बेताचा राहतो. भाजलेल्या जिऱ्याची पूड दोन चमचे, ओरेगानो एक चमचा, मिरपूड अर्धा चमचा, मोहरीची पूड एक चमचा. टोमॅटो पेस्ट फक्त एक मोठा चमचा आणि तीही बिनमिठाची. जास्त नको, कारण टोमॅटो आटवला की त्यातलं पोटॅशियमही आटून दाट होतं. खिमा पाण्यात मोडून घ्यायचा, सगळं घालून मंद आचेवर तासभर, मधूनमधून ढवळत. दाटपणासाठी तिकडे खारी बिस्किटं चुरून घालतात. आम्ही ओट्स मिक्सरला फिरवून दोन मोठे चमचे घातले. गॅस बंद केल्यावर दोन चमचे व्हिनेगर. आंबट शेवटी घातलं की ते जिभेला आधी भेटतं आणि मीठ कमी आहे हे पटकन कळत नाही.

आणि मग खरं मीठ. हो, साधंच मीठ, मापून पाव चमचा, अख्ख्या पातेल्याला. दादाने चमच्यावर सुरी फिरवून तो सपाट केला. त्या पातेल्यात पाव कपाचे बारा वाटे होतात. खिम्यातलं मुळातलं आणि हे वरचं मिळून एका वाट्याला ७५ मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम आलं. डब्यातल्या सॉसच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढं.

आणखी एक, कारण अशा मोठ्या पातेल्याने पाहुण्यांची पोटं बिघडतात. दाट सॉस आतून फार हळू थंड होतो. रात्रभर ओट्यावर राहिला तर शिजवताना वाचलेले जंतू त्याच्या कोमट पोटात वाढतात. तेव्हा उथळ डब्यांत वाटून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि पुन्हा गरम करताना वाफा येऊन उकळी फुटेपर्यंत करा.

सॉसेजचं मात्र माझ्याकडे काही औषध नव्हतं. सॉस घरी केला म्हणून सॉसेज सुधारत नाही. त्यात मीठ आहे आणि मांस टिकवणारं नायट्राइटही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक म्हणून नोंदवलं, आणि रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी जास्त दिसतो असं सांगितलं. पन्नास ग्रॅम म्हणजे जवळपास एक सॉसेज. पाकिटावर ‘नायट्राइट न घातलेलं’ लिहून सेलरीचा अर्क घातला असेल तर त्यातूनही नायट्राइटच मिळतं. पण हा धोका रोजच्या खाण्याचा आहे. वर्षातून एका दिवशी खाल्लेल्या एका सॉसेजला मी त्यासाठी अडवणार नव्हते. दादाच्या बाबतीत प्रश्न त्या दिवसाच्या सोडियमचा होता, आणि तो आम्ही कागदावर मांडला. सकाळी दुधातले ओट्स, दुपारपर्यंत फळ आणि बिनमिठाची कोशिंबीर, एक कोनी, रात्री दहीभात बिनमिठाचा. बेरीज दीड हजाराच्या आत बसली.

चार तारखेला अंगणात पंचवीस माणसं होती. पुतण्याचा धाकटा तीन वर्षांचा आहे. त्याच्या ताटात गोल चकत्या करून सॉसेज वाढलं होतं, ते मी उचललं. लहान मुलाच्या घशाला ती चकती बुचासारखी घट्ट बसते. चार वर्षांखालच्या मुलाला सॉसेज द्यायचंच तर उभं चिरून, मग बारीक तुकडे करून द्या. द्राक्षांचंही तसंच.

दादाला एक कोनी मिळाला. त्याने स्वतः वाढून घेतला. मोहरीची रेघ बारीक, कांदा भरपूर, सॉस दोन वाटे. खायला त्याने वीस मिनिटं लावली. पावातून ओघळलेला सॉससुद्धा बोटाने पुसून खाल्ला. वहिनी सबंध वेळ त्याच्याकडे बघत होत्या, आणि मग उठून त्यांनीही अर्धा घेतला, बिनसॉसेजचा, नुसता सॉस पावात भरून. तो त्यांना इतका आवडला की आता तो त्यांच्या घरी महिन्यातून दोनदा होतो, सॉसेजशिवाय.

दुबळ्या हृदयाच्या पेशंटने रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खायच्या आधी वजन करायचं असतं. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर वाढलं तर ते चरबीचं नसतं, पाण्याचं असतं, आणि डॉक्टरांना फोन करायचा असतो. पाच जुलैला सकाळी मी चहा ठेवत होते तेव्हा बाथरूममधून काट्याचा आवाज आला. मी आणि वहिनी दोघी थांबलो.

"कालच्याएवढंच आहे," दादा आतून ओरडला. "फ्रीजमध्ये सॉस उरलाय का?"